आंबेखोलला दहा माणसं

पेणचा सायमन यष्टीतून उतरला नाही.

आधी एक म्हातारी उतरली, मग कोंबड्यांची पाटी, मग पाटीचा मालक. नाथन आवासकर दारातून आत डोकावला. मागच्या बाकाखाली कुणी झोपलंय का तेही त्यानं वाकून पाहिलं. सायमनचा भरवसा नाही, तो झोपलेलाही असू शकतो.

"कोन नाय हो काका," कंडक्टर म्हणाला. "गाडी फिरवायचीय."

"हिच्यामागून दुसरी?"

"ती उद्या सकाळची."

गाडी वळली आणि आली तशी पनवेलकडे निघून गेली. धूळ खाली बसली तरी नाथन तिथंच उभा होता. साठीतला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर काळी गोल टोपी.  सायमन नाही म्हणजे माणसं नऊच झाली, आणि नवांनी आज भागणार नव्हतं.

नाथन बेने इस्रायलांपैकी. घरात मराठी, सणाला पुरणपोळी आणि प्रार्थना हिब्रूत, अशी ही कोकणातली जुनी मंडळी. यांच्यात मेलेल्या माणसासाठी कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतात. ती एकट्यानं म्हणून चालत नाही. जाणते पुरुष दहा लागतात. नऊ शहाणे जमले तर उपयोग नाही आणि दहा वेडे जमले तर काम होतं, असा हिशेब. पूर्वी पनवेलीत दहा माणसं म्हणजे काहीच नव्हतं, सिनेगॉगात प्रार्थनेला बसायला बाकं पुरायची नाहीत. मग एकेक घर इस्रायलला गेलं. कुणी पोरीच्या लग्नासाठी, कुणी पोराच्या नोकरीसाठी, कुणी शेजारी गेला म्हणून. चौऱ्याण्णव साल उजाडलं तेव्हा बाकं होती आणि माणसं मोजकी उरली होती.

आज नाथनच्या पोराला, रूबेनला, जाऊन वर्ष होत होतं. या लोकांचा दिवस घड्याळावर संपत नाही, सूर्य बुडाला की संपतो. आणि सूर्य कुणाच्या बापासाठी थांबत नाही.

बरं, ही कद्दिश पनवेलीत सिनेगॉगातही म्हणता आली असती. पण दिनानं ते ऐकलं नव्हतं. दिना म्हणजे नाथनची बायको. रूबेन गेला त्या दिवसापासून ती घरात होती आणि नव्हती. भाकरी करायची, कपडे वाळत घालायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. तिच्या हातचं माशाचं कालवण खायला लोक वळसा घालून यायचे, त्या बाईनं वर्षभर घरात मासा आणला नाही. रात्री नाथनला जाग यायची तेव्हा ती खिडकीशी बसलेली असायची. ज्युडिथ, त्यांची मुलगी, इस्रायलहून फोनवर रडायची की आईला घेऊन इकडे या. दिना रिसीव्हर कानाला लावून ऐकायची आणि ठेवून द्यायची. मग महिन्यापूर्वी एकदा ती आपणहून बोलली. "वर्षाच्या दिवशी तळ्यावर जाऊन म्हणा. जिथे तो गेला तिथे. दहा माणसं घेऊन. मग पुढचं बघू."

वर्षभरात तिनं मागितलेली ही एकच गोष्ट. नाथननं बुडत्यासारखी ती धरली. ही बाई परत माणसांत यायची असेल तर यानंच येईल, नाहीतर ती अशीच खिडकीत बसून वाळून जाईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्यात त्याचं काही चुकलंही नव्हतं.

आंबेखोलचा तलाव म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी बांध घालून अडवलेलं पाणी. काठाशी सरकारी उद्यान, भाड्याचे तंबू, गळ टाकायचा परवाना. पनवेलच्या बेने इस्रायल पुरुषांचं दर साली दिवाळीनंतर इथं कॅम्पिंग असायचं. दोन दिवस मासे धरायचे, पत्ते कुटायचे, बायका बरोबर नाहीत म्हणून करपलेलं खायचं आणि खुशीत घरी जायचं. रूबेन गेला आणि ते बंद पडलं. या वर्षी नाथन घरोघर फिरला. तळ्याचं नाव काढलं की एकेकाचा चेहरा उतरायचा, पण नाही कुणी म्हटलं नाही. पनवेलीतले मिळून नऊ झाले. दहावा म्हणून पेणहून मावसभाऊ सायमन येणार होता.

"सायमनचं काही खरं नाही," सकाळी डबे भरताना दिना म्हणाली होती.

"येईल. शब्द दिलाय त्यानं," नाथन खेकसला. दिनानं पुढचा डबा भरायला घेतला.

आता तो थांब्यावरून उतरून तलावाकडे आला तेव्हा काठावर माणसं गळ टाकून बसली होती. सकाळपासून तशीच बसली होती. मासे धरण्याचा उत्साह कुणालाच नव्हता, पण नुसतं बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा पाण्याकडे बघणं बरं. नाथनच्या सोबत्याच्या, बिनीच्या, गळाला नुकताच शिंगाळा लागला होता. मिशा फेंदारून चांगला हातभर धूड. पण त्याच्या अंगावर खवलं नसतात, आणि ज्या माशाला पर आणि खवलं दोन्ही असतात तोच यांच्या ताटात येतो. बिनीनं तो गळावरून सोडवला आणि पाण्यात टाकला. एरवी यावर तासभर थट्टा चालली असती. आज कुणी हसलं नाही.

सगळ्यांनी नाथनकडे पाहिलं. त्याच्या मागं कुणी येत नव्हतं.

अहरोनकाका उठले. तेच प्रार्थना सांगायचे, वय ऐंशीच्या घरात, डोळे अधू. यांच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, तसं मोजणं अशुभ. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जायचं. अहरोनकाकांनी काठी टेकत टेकत प्रत्येकासमोर थांबून शब्द म्हटले. बिनीवर एक, त्याच्या भावावर एक, असे करत स्वतःच्या छातीवर एक ठेवला आणि शेवटी नाथनवर ठेवला. मग ते थांबले. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडात तसाच राहिला.

"पुन्हा बघा काका," नाथन म्हणाला.

"पुन्हा बघून माणूस उगवतो का रे?"

दिना तंबूच्या दाराशी सतरंजीवर बसली होती. तिनं हे ऐकलं. तिचा चेहरा काही बदलला नाही. नाथनला वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं.

बिनी त्याच्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "नाथन, पनवेलीत एक जण आहे अजून."

"त्याचं नाव काढू नकोस."

"नाव काढायला मला काही हौस नाही. पण तोही माणूसच आहे ना?"

नाथननं मान फिरवली. सगळ्यांना माहीत होतं, बिनी कुणाविषयी बोलतोय ते.

ओमेर हा रूबेनचा दोस्त. पाळण्यात असल्यापासून जोडी. गेल्या वर्षी कॅम्पिंगच्या दिवशी दोघं लॉरीच्या हवा भरलेल्या ट्यूबांवर बसून मध्यावर गळ टाकायला गेले. धरण व्हायच्या आधी तिथं आमराई होती, तिची खोडं अजून पाण्याखाली उभी होती. रूबेनचा गळ एका झाडात अडकला. तो सोडवायला रूबेननं बुडी मारली आणि वर आला नाही. ओमेरनं किती बुड्या मारल्या देव जाणे. शेवटी त्याला काठावर ओढून आणला तेव्हा त्याच्या नाकातोंडातून रक्त येत होतं.

आणि पुरायच्या दिवशी, कबरस्तानात, सगळ्या समाजासमोर नाथननं त्याला विचारलं, "दोघं गेला होतात. एकटा परत यायला लाज नाही वाटली तुला?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही नाथनची जन्माची खोड. बोलून झालं की तो मोकळा व्हायचा आणि ऐकणारा ते घेऊन घरी जायचा. ओमेर तेव्हापासून सिनेगॉगात आला नाही. आता यातली गंमत बघा. रूबेन गेल्यावरही पनवेलीत बरोबर दहा माणसं उरत होती. नाथननं दहावा घालवला आणि मग स्वतःच्या पोरासाठी कद्दिश म्हणायला वर्षभर दर सोमवारी ठाण्याला खेपा घातल्या. लोक मनात बोलले, तोंडावर कोण बोलणार? पोर गेलेल्या बापाला कुणी काही म्हणत नाही.

उद्यानाचा राखणदार काशिराम लाकडं घेऊन आला होता. तो सगळं ऐकत होता. मोळी खाली टाकून तो म्हणाला, "मानूस कमी पडतोय क? मंग त्या पलीकडच्याला बोलवा ना."

"कुठला पलीकडचा?"

"तुमच्यातलाच हाय तो. गेल्या साली तुमचा पोर बुडाला तवा संगती व्हता. दर आयतवारी येतंय. थय तंबू लावतंय, गळ टाकून बसतंय, सांज झाली का जातंय." काशिरामनं तळ्यापलीकडे बोट दाखवलं. करवंदीच्या जाळ्यांमागून धुराची एक बारीक रेघ वर जात होती. "मे म्हैन्यात पानी उतरला, तवा ते बुडालेलं आंब्याचं झाड वर आला व्हता. त्याने एकट्याने करवत लावून तोडला. आमी बोललो, मानसं देतो. नको बोलला."

 नाथन त्या धुराकडे बघत राहिला. मग त्यानं दिनाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, वर्षात पहिल्यांदा नजर न काढता बघत होती. तो बांधाच्या दिशेनं चालू लागला.

बांध ओलांडून पलीकडच्या काठानं वाट होती, म्हणजे गुरांनी पाडलेली होती. नाथन धापा टाकत चालला. करवंदीचे काटे शर्टाला लागत होते. एकदा पाय घसरून तो गुडघ्यावर पडला आणि तसाच उठला. मनात वाक्यं जुळवत होता. झालं गेलं विसरून जा, असं म्हणावं का? पण विसरून जा म्हणायचा हक्क ज्याला लागलंय त्याचा, ज्यानं मारलंय त्याचा नाही, एवढं त्यालाही कळत होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी ही म्हण त्याच्या डोक्यात आली आणि त्याला स्वतःची शिसारी आली. कारण इथं गाढव कोण हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पलीकडे सूर्य खाली सरकत होता. मैदानापलीकडे तळोज्याच्या कारखान्यांचा धूर लांबवर पसरला होता आणि सूर्य त्या धुरात उतरायला लागला होता. नाथन पळायला लागला. या वयात माणसानं पळू नये, पण तो पळाला.

ओमेर तंबूसमोर दगडावर बसला होता. गळ पाण्यात होता, पण त्याचं लक्ष पलीकडच्या काठावर होतं. चोवीस वर्षांचा पोरगा, वर्षात दहा वर्षांनी मोठा दिसायला लागला होता. नाथनला पाहून तो उठून उभा राहिला. केस ओले होते, भांग पाडलेला होता, अंगात धुतलेला शर्ट.

नाथनला दम लागला होता. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना.

"माणूस कमी पडतोय," तो म्हणाला.

"माहीत आहे," ओमेर म्हणाला. "सकाळपासून बघतोय. नऊच दिसताहेत."

"मग आला का नाहीस?"

हे तोंडातून गेलं आणि नाथनला जीभ चावावीशी वाटली. पुन्हा तेच. पुन्हा आपणच विचारतोय, जणू दोष त्याचा.

ओमेर रागावला नाही. "बोलावल्याशिवाय कसा येणार, काका?" असं म्हणून त्यानं खिशातून घडी केलेली काळी टोपी काढली. "अंघोळ करून बसलो होतो. म्हटलं, लागलंच तर."

 तो तिथंच दगडावर बसला आणि त्यानं हात जोडले. "मी तुला जे बोललो ना, कबरस्तानात…"

"काका, सूर्य बघा," ओमेर म्हणाला. "चालत गेलो तर पोचणार नाही. बोलायचं ते नंतर बोला."

करवंदीच्या जाळीत लॉरीची एक काळी ट्यूब होती. नाथननं ती पाहिली. त्याला पोहता येत नव्हतं. समुद्राकाठच्या जातीत जन्मून त्यानं गुडघ्यापलीकडे कधी पाणी पाहिलं नव्हतं.

"हीच का ती?"

"ती रूबेनची फाटली. ही माझी."

दुसरा इलाज नव्हता. नाथन बूट काढून ट्यूबवर बसला. बसला म्हणजे काय, पोत्यासारखा आडवा पडला आणि दोन्ही हातांनी रबर आवळून धरलं. ओमेर कपड्यांसकट पाण्यात शिरला, टोपी त्यानं दातांत धरली होती. ती नाथननं काढून आपल्या टोपीवर चढवली. मग ओमेर ट्यूबला छाती लावून पाय मारायला लागला.

काठ मागं गेला. पाणी आधी हिरवट होतं, मग काळं झालं. नोव्हेंबरातलं पाणी, हात बुडाला की बोटं बधिर व्हायची. समोर सूर्य एवढा मोठा दिसत होता की डोळे उघडवत नव्हते. त्या उजेडात पलीकडची माणसं नुसत्या काळ्या रेघा दिसत होत्या आणि त्यांच्यापासून जरा दूर उभी असलेली एक रेघ दिना होती. नाथनला भीती वाटत होती आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती. ज्या पाण्यानं आपला पोर नेला त्याच्यावर आपण जीव मुठीत धरून बसलोय, कशासाठी जपतोय हा जीव?

मध्यावर आल्यावर ओमेरचे पाय मंदावले.

"इथं?" नाथननं विचारलं.

"हो. आता झाड नाही."

नाथननं खाली पाहिलं. काही दिसलं नाही, पाणीच दिसलं. वर्षभर एक गोष्ट त्याच्या छातीत काट्यासारखी रुतून बसली होती. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती, दिनाला तर नाहीच नाही. ज्युडिथनं इस्रायलहून बापासाठी गळाचं भारी रीळ पाठवलं होतं. कॅम्पिंगच्या सकाळी रूबेन ते मागत होता. नाथननं चहा पीत पीत दिलं आणि वर म्हणाला, "घालवून आलास तर घरात घेणार नाही." हसत म्हणाला होता. दिना तेव्हा तिथंच पोळ्या लाटत होती.

"ओमेर, खरं सांग. तो रिळासाठी उतरला ना खाली?"

पाय मारायचा आवाज थांबला. ट्यूब जागच्या जागी हलत राहिली. ओमेरचा श्वास नाथनला ऐकू येत होता.

"नाही काका," ओमेर म्हणाला. "उकडत होतं, म्हणून उतरला. पोहायला."

गेल्या वर्षी थंडी लवकर पडली होती. त्या दिवशी सगळे स्वेटर घालून आले होते आणि दुपारीही कुणी ते काढले नव्हते. नाथनला हे पक्कं आठवत होतं, कारण रूबेनचा स्वेटर काठावर तसाच पडला होता आणि तो त्यानंच घरी नेला होता.

म्हणजे हा पोरगा वर्षभर आपल्यालाच वाचवत आला. आपण याला चारचौघांत लाथाडलं, याच्या तोंडात रिळाचं उत्तर तयार होतं, आणि यानं ते गिळलं. एक शब्द बोलला असता तर आपण पुन्हा कुणाला तोंड दाखवलं नसतं. नाथननं रबरावरचा एक हात सोडला. पाण्यात पडेन याचं भान त्याला राहिलं नाही. तो हात त्यानं ओमेरच्या ओल्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवला. मग तो रडला. वर्षभरात पहिल्यांदा, तोंड वेडंवाकडं करून, आवाज काढून रडला. ओमेर पाय मारत राहिला.

काठावर बिनीनं आणि त्याच्या भावानं गुडघाभर पाण्यात येऊन ट्यूब ओढून घेतली. ओमेर बाहेर आला तेव्हा थंडीनं त्याचे दात वाजत होते.  इतक्यात दिना पुढं आली. तिच्या हातात टॉवेल होता आणि टॉवेलावर एक शर्ट, निळ्या चौकड्यांचा, इस्त्री करून घडी घातलेला. रूबेनचा. तिनं ओमेरचं डोकं खसाखसा पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, आणि म्हणाली, "ओला काढ आधी. हा घाल."

ओमेरनं शर्ट घातला. नाथननं त्याची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. सूर्याची नखाएवढी कड उरली होती.

अहरोनकाकांनी घाईघाईनं पुन्हा मोजायला घेतलं. एकेकासमोर उभं राहून एकेक शब्द. नाथनपर्यंत आले, आणि मग काठी सरकवत आणखी एक पाऊल पुढं गेले. डोळे अधू, त्यांना चेहरा दिसला नसावा. त्यांनी हात लावून चाचपलं, शर्टाचं कापड बोटांत धरलं, आणि दहावा शब्द ओमेरच्या छातीवर ठेवला.

"म्हण रे नाथन," ते म्हणाले. "वेळ नाही."

नाथननं म्हटलं. मध्ये दोनदा आवाज गेला, दोन्ही वेळा शेजारून ओमेरनं शब्द उचलून दिला. नऊ गळ्यांनी आमेन म्हटलं. शेवटचं आमेन झालं तेव्हा तळोज्याच्या धुरात लाली होती, सूर्य नव्हता.

मग जरा वेळानं काशिरामच्या लाकडांवर चूल पेटली. दुपारी धरलेले चार रोहू होते, खवलंवाले. ते कोण साफ करणार यावर माणसांत हळू आवाजात वाद चालला होता. दिनानं काही न बोलता सुरी मागून घेतली. मासा डाव्या हातानं दाबून ती शेपटीकडून डोक्याकडे खवलं काढू लागली. खवलं टपाटप उडत होती. ओमेर तिच्यासमोर उकिडवा बसून शेकत होता आणि ती मधून मधून त्याला काहीतरी विचारत होती, त्याची आई कशी आहे, कामावर जातोस का. नाथन लांबून बघत होता. त्याची नजर त्या शर्टावर खिळली होती.

ओमेर पाणी आणायला गेला तेव्हा नाथन चुलीजवळ आला.

"तो शर्ट कधी घेतलास?"

"सकाळी. डब्यांबरोबर."

"सकाळी तर सायमन येणार होता."

दिनानं माशाच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळलं. "सायमनला मी गुरुवारी बूथवरून फोन केला होता," ती म्हणाली. "येऊ नकोस म्हटलं. ओमेर दर रविवारी इथं असतो, त्याच्या आईनं मला केव्हाच सांगितलंय."

नाथन चुलीशी खाली बसला. लाकडं तडतडत होती. वर्षभर आपण हिला सांभाळतोय असं त्याला वाटत आलं होतं. त्या सकाळच्या पोळ्या, रिळाचं ते बोलणं, सगळं हिनं ऐकलेलं होतं आणि वर्षभर तीही गप्प होती. त्याला ते विचारायचं होतं, पण विचारवलं नाही. त्यानं दुसरंच विचारलं.

"आणि मी त्याला बोलवायला गेलो नसतो तर?"

"तर ज्युडिथकडे मी एकटीच गेले असते," दिना म्हणाली, आणि तिनं पहिला तुकडा तेलात सोडला.